चँडलरमधला आंबिया बहार

यंदा संत्र्याला फूल लवकर आलं. फेब्रुवारी सरायच्या आतच. सकाळची शिफ्ट संपवून मी दुपारी कारखान्याच्या पार्किंगमध्ये आले आणि वाऱ्यावरून तो वास आला. ॲरिझोनातल्या या चँडलरच्या आसपास आता बागा फारशा उरल्या नाहीत, नव्या घरांच्या रांगांनी त्या खाऊन टाकल्या. पण जुन्या रस्त्यांच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत, एखाद्या म्हाताऱ्याच्या परसात चार-दोन झाडं असतातच, आणि सगळं गाव भरून टाकायला तेवढी पुरतात. आम्ही चिप बनवतो त्या क्लीनरूमची हवा इतकी गाळलेली असते की तिला कसलाच वास नसतो. दहा तास त्या हवेत काढल्यावर असा वास अंगावर येतो. मी गाडीत बसले, काचा वर केल्या आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून एसीचं बटण दाबलं. वरूडच्या मुलीने संत्र्याच्या फुलाला दार लावावं, याहून मोठी नामुष्की नाही.

अमरावती जिल्ह्यातलं वरूड म्हणजे संत्र्याचं गाव. आमच्या शाळेच्या मैदानाला तिन्ही बाजूंनी बागा होत्या. आंब्याच्या मोहोराच्या सुमारास संत्र्याला येतो तो आंबिया बहार. परीक्षा तोंडावर आलेल्या असायच्या, उन्हाला नुकती धार चढलेली असायची, आणि संध्याकाळी त्या वासात बुडालेल्या मैदानावर माझे बाबा आम्हाला चेंडू टाकायला शिकवायचे. बाबा शाळेत पीटीचे सर. तरुणपणी ते राज्याच्या बेसबॉल संघातून खेळले होते, पिचर म्हणून, म्हणजे समोरच्याला चेंडू टाकणारा तो. भारतात बेसबॉल खेळलेल्या माणसाला आयुष्यभर एकच प्रश्न विचारतात: म्हणजे नक्की काय? बाबांनी तो प्रश्न वर्षानुवर्षं हसत झेलला आणि शाळेतल्या पोरींना सॉफ्टबॉल शिकवला. त्या पोरींमध्ये मी होते. विद्यापीठाकडून चार वर्षं पिचिंग केलं. हात खालून पूर्ण गोल फिरवायचा आणि मांडीजवळ चेंडू सोडायचा. सुटण्याच्या त्या क्षणी बोटांच्या टोकांना जे कळतं, ते मला पुढे कुठल्याच गोष्टीत कळलं नाही.

लग्न होऊन ॲरिझोनात आले, पहिल्याच मार्चमध्ये हा वास आला आणि मी बाबांना फोन लावला. "बाबा, इथे आंबिया फुटलाय!" तिकडून बाबा म्हणाले, "असं काय बाप्पा! मग तर तू घरीच हायस."

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी खरोखर घरीच होते.

आमचा मुलगा निहार चँडलरमध्येच जन्मला. आठ वर्षांचा असताना त्याने परसात टाकलेला चेंडू मी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. बाबा स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "पुन्हा टाकायला लाव." निहारने पुन्हा टाकला. "हा खांदा आपल्या घरचा हाय, वैशू." ते वाक्य मी मनात पक्कं करून ठेवलं. आता वाटतं, ते तिथेच सोडून द्यायला हवं होतं. खांदा ज्याचा त्याचा असतो, घराचा नसतो. पण तेव्हा मला ते सनदेसारखं वाटलं. शनिवार-रविवार मैदानांवर जाऊ लागले. माझा नवरा मिलिंद पुण्याचा. त्याच्या घरी कुणी कॅरमच्या पुढे गेलेलं नाही. तो सावलीत खुर्ची टाकून लॅपटॉप उघडायचा. मी जाळीला नाक लावून उभी.

निहार शाळेच्या संघात होता, मग इथल्याच एका कॉलेजच्या संघात गेला. उंच, लांब बोटांचा, अबोल पोरगा. चेंडू टाकण्याआधी टोपीचा काठ दोन बोटांनी दाबायचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरमधल्या एका सरावात, दहा पावलांवरच्या मित्राकडे त्याने सहज टाकलेला चेंडू मित्राच्या डोक्यावरून गेला. सगळे हसले. निहारही हसला. आठवडाभराने ते पुन्हा झालं, तेव्हा कुणी हसलं नाही.

त्या दुखण्याला इथे एक नाव आहे, पण खेळाडू ते तोंडातून काढत नाहीत. रानात माणसं सापाला नुसतं जनावर म्हणतात, तसं. हाताचे फोटो काढले, खांद्याची तपासणी केली. कुठेही काही नव्हतं. चेंडू सुटतो त्या क्षणी बोटं आपली राहत नाहीत, एवढंच तो सांगायचा. "आय कान्ट फील इट, आई." वेग तोच होता, ताशी नव्वद मैलांच्या जवळपास. फक्त तो वेग कुठे जाणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. नाताळपर्यंत त्याचं वजन उतरलं. जेवताना तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत बसायचा.

मिलिंद एकदा मला म्हणाला, "त्याला थोडं थांबू दे ना. त्याला खेळायचंच नसेल तर?"

"तुमच्या घरात कुणी कधी काही खेळलंय का?" मी म्हटलं. त्या घरात तेव्हा माझं वाक्य शेवटचं असायचं.

मी बाबांना बोलावून घेतलं. ते फेब्रुवारीच्या अखेरीस आले, पंचाहत्तरीचे, एकटे, बॅगेत पापड, सांडगे आणि आपला जुना कातडी हातमोजा घेऊन. एअरपोर्टवर निहारने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेतला आणि तो बाहेर गाडीपर्यंत येईतो सोडला नाही.

मग रोज सकाळी परसात आमचा सराव सुरू झाला. त्या सकाळी अजूनही माझ्या अंगात आहेत. गवतावर दव, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं संत्र्याचं झाड फुलाने वाकलेलं, कबुतरांचं घुमणं. एका टोकाला निहार, दुसऱ्या टोकाला हातमोजा घालून उकिडवी बसलेली मी, आणि बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत शाल पांघरून बाबा. "हाताले विचार करू देऊ नको," ते सांगायचे. "श्वास सोड, मग चेंडू सोड." निहार त्यांच्याशी मोडकं मराठी बोलायचा. "हो आजोबा. परत टाकतो आजोबा." पहिले दहा-बारा दिवस चेंडू माझ्या हातमोज्यात असे येऊन बसायचे की तळवा दिवसभर झिणझिणायचा. कामावर मी तो सगळ्यांपासून लपवून मिटून ठेवायचे, कुणी लहानशी मौल्यवान वस्तू ठेवतं तसा. तीन पिढ्या एका परसात, एका वासात. मला वाटलं, झालं. आपण त्याला परत आणलं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी त्याने टाकलेला चेंडू माझ्या बाजूला आलाच नाही. तो बाबांच्या कानाजवळून गेला आणि मागचं काचेचं सरकतं दार खळकन खाली आलं. बाबा खुर्चीत होते तसेच बसून राहिले. शालीवर काचेचे तुकडे. निहार जागच्या जागी गवतावर बसला आणि दोन्ही हात काखांत दाबून पुढे-मागे हलू लागला.

"कोणाले लागलं नाही ना?" बाबा म्हणाले. "मग झालं." पण दुपारी मी पोळ्या लाटत होते तेव्हा ते स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून हळू आवाजात बोलले. "वैशू, याले काही दिवस मैदानावर पाठवू नको. हा चेंडू कोणाच्या डोक्यात जाईन."

"बाबा, तुम्ही आहात म्हणून तर तो टिकलाय. एकदा मैदानावर चांगलं झालं की भीती जाईल त्याची."

"भीती त्याची नाही म्हणत मी."

मी पोळी उलटली.

माझं काम यंत्रं सांभाळण्याचं. एखादं यंत्र केसाच्या शंभराव्या भागाइतकं जरी सरकू लागलं तरी मी ते बंद करते. वरचे साहेब कितीही ओरडोत, कितीही माल अडकून पडो. बावीस वर्षांत बिघडलेलं यंत्र मी एकदाही चालू ठेवलेलं नाही. आणि त्याच आठवड्यात मी निहारच्या नकळत त्याच्या कोचला कुंपणापाशी गाठलं. कोच भला माणूस. सीझन सुरू झाल्यापासून त्याने निहारला एकदाही सामन्यात उतरवलं नव्हतं. "ही इज नॉट रेडी, मॅम," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की निहार आता बरा झालाय. घरी रोज सराव करतोय, एक चेंडू इकडचा तिकडे होत नाही. त्याचे आजोबा अर्ध्या जगावरून आलेत, स्वतः पिचर होते, त्यांना नातवाला फक्त एकदा खेळताना बघायचंय. बाबांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. कोचने बराच वेळ मैदानाकडे बघितलं आणि म्हणाला, "लेट मी सी."

काचेच्या दाराच्या जागी तेव्हा पुठ्ठा चिकटवलेला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी निहार बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबला. "आई, मी कॉल इन सिक करू का? आय डोन्ट फील राइट." मी म्हटलं, "आजोबा येणार आहेत बघायला." त्याने नाड्या बांधल्या.

मार्चच्या मध्यावरची दुपार. आकाश धुतल्यासारखं निळं, मैदानामागच्या झाडांवरून तोच वास, आणि बाकांवर पन्नास-साठ माणसं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, त्यांच्या पलीकडे मिलिंद. आमच्या दोन ओळी पुढे एक सोनेरी केसांची बाई मोबाइल धरून बसली होती. तिचा मुलगा कोडी पाहुण्या संघात होता. अठरा वर्षांचा, पहिल्याच वर्षाला. मागे वळून तिने हे आम्हाला आपणहून सांगितलं, हसून. सातव्या डावात आमचा संघ बराच पुढे असताना कोचने निहारला उतरवलं. तो मातीच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला तेव्हा मी बाबांचा हात दाबला. त्यांनी माझा दाबला नाही.

समोर बॅट घेऊन कोडी उभा होता. पहिला चेंडू मागच्या जाळीवर. दुसरा मातीत. तिसरा अगदी बरोबर, जिथे हवा तिथे, आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. निहारने वर बघितलं. उन्हामुळे त्याला मी दिसले की नाही, माहीत नाही. मग त्याने टोपीचा काठ दाबला आणि चौथा टाकला.

तो आवाज बॅटचा नव्हता. हेल्मेटचाही नव्हता. सोनेरी केसांच्या बाईच्या हातातला मोबाइल बाकांच्या फटीतून खाली पडला. कोडी गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर, आणि बोटांमधून रक्त येत होतं. निहार हलला नाही. चेंडू टाकून झाल्यावर शरीर ज्या वाकलेल्या स्थितीत येतं, त्याच स्थितीत तो उभा होता. कुणीतरी जाऊन त्याला सरळ केलं.

हॉस्पिटलमध्ये आम्ही चौघंही गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती. डोळ्याभोवतीचं हाड तुटलं होतं, डोळ्याबद्दल डॉक्टर काही सांगत नव्हते. कोडीची आई, तिचं नाव डॉना, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडलेली नव्हती. शांतपणे, एकेक शब्द वेगळा करून तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का, त्याचा चेंडू त्याच्या ताब्यात नाही हे? इथले पोरगे म्हणतायत की कित्येक महिने तो असाच टाकतोय. तुम्ही आई आहात. तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नो. ही वॉज फाइन."

निहार तीन पावलांवर भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात. त्याने माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. एखाद्या माणसाची नव्याने ओळख पटावी तसं बघितलं. मग त्याने मान खाली घातली ती परत वर केली नाही.

गाडीत मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "वैशू, त्या बाईनं काय विचारलं तुले?"

"कसं झालं ते विचारत होती."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मले एवढं इंग्रजी समजते." मिलिंदने गाडीच्या काचा खाली केल्या होत्या आणि सगळ्या रस्त्याने तो वास आत येत राहिला.

कोडीचा डावा डोळा गेला. मला हे कॉलेजकडून कळलं. मी फुलं पाठवली, कार्ड पाठवलं, त्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. निहारने त्याच आठवड्यात संघ सोडला, उन्हाळ्यात कॉलेजही सोडलं आणि टुसॉनला निघून गेला. तिथे तो शाळांच्या मैदानांतले पाण्याचे पाइप दुरुस्त करतो. दिवाळीला येतो, जेवतो, भांडी घासतो, जातो. मला त्याने कधी जाब विचारला नाही. विचारला असता तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्या उत्तराला धरून आम्ही दोघं कुठेतरी पोचलो असतो. बाबा ठरलेल्या तारखेच्या तीन महिने आधी परत गेले. पुढे दर रविवारी फोनवर एकच विचारायचे: "त्या पोराचा डोळा कसा हाय?" निहारबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही. आणि मी सांगायचे, "बराय बाबा." त्यांनी ते मानलं की नाही, कळायला मार्ग नाही. गेल्या जुलैत ते गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, तो एका क्षणापुरतं बोलतोय. तसं नसतं. त्या ‘नो’नंतर मी जे जे खरं बोलले, तेही त्याच्याच बाजूने उभं राहिलं. मिलिंदला मी सगळं सांगितलं ते दोन वर्षांनी. तो म्हणाला, "मला माहीत होतं. मी पण गप्पच बसलो ना." नंतर तो बराच वेळ नळ सोडून हात धूत उभा राहिला.

यंदा पार्किंगमध्ये काचा वर करून बसले होते त्या दुपारी मी घरी गेले नाही. दक्षिणेला तासाभरावर कापसाच्या रानांमधलं एक गाव आहे. फुलं पाठवली होती तेव्हापासूनचा पत्ता माझ्या फोनमध्ये होता. रानं नांगरून ठेवलेली, लांबवर कुठेतरी गायींच्या गोठ्यांचा वास. घर लहान, बैठं, दारात जुनी पिकअप. तीनदा हात उचलून खाली घेतला, मग बेल वाजवली.

दार कोडीनेच उघडलं. एकवीस वर्षांचा झालाय आता. मी त्याच्या डावीकडे उभी होते, म्हणून मला बघायला त्याला अख्खी मान माझ्याकडे वळवावी लागली, आणि वळवताना तो किंचित हसला, सवयीने, जसं कुणी चष्मा सावरताना हसतं. "येस मॅम?" मी नाव सांगितलं. "ओह. निहार्स मॉम," तो म्हणाला आणि आत वळून आईला हाक मारली.

डॉना बाहेर आली, मागे दार ओढून घेतलं. बसा म्हणाली नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं मला एकही आठवली नाहीत. मी म्हटलं, "मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. माझ्या वडिलांनी मला बजावलं होतं. कोच त्याला उतरवत नव्हता, मीच जाऊन सांगितलं. निहारला नको होतं."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे. हॉस्पिटलमधून कोडी घरी आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुमचा मुलगा इथे येऊन उभा राहिला. तुम्ही उभ्या आहात तिथेच. सगळं सांगितलं. मी त्याला हाकलून दिलं. तो पुढच्या महिन्यात परत आला. अजून येतो. कोडीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोच घेऊन जातो."

ती पुढे म्हणाली, "मी त्याला एकदा विचारलं होतं, तुझी आई कधी येईल का म्हणून. तो म्हणाला, नाही येणार."

"मी माफी मागायला..."

"ते कळलं मला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही. आज तरी नाही." आणि ती आत गेली. दार तिने आपटलं नाही, हळू लावलं.

गाडीत बसून मी निहारला फोन केला. कामाच्या वेळी तो उचलत नाही. उचलला. मागे कुठेतरी पंप चालू होता.

"आई? काय झालं?"

"मी डॉनाकडे गेले होते. सांगितलं तिला सगळं."

पंपाचा आवाज बंद झाला.

"कोडी घरी होता?" त्याने मराठीत विचारलं.

"हो. त्यानेच दार उघडलं."

"मग तू बघितलंस. तो मान कशी वळवतो."

"बघितलं."

पंप त्याने पुन्हा सुरू केला नाही. फोनही त्याने ठेवला नाही.